युरेनियम बरोबर मधोमध का फुटत नाही?

युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन असतात. त्याचे सारखे दोन भाग झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४६ प्रोटॉन यायला हवेत, म्हणजे पॅलेडियमची दोन केंद्रकं. पण १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी न्यूट्रॉनांचा मारा केलेलं युरेनियम रासायनिक पद्धतीने तपासलं, तेव्हा त्यांच्या हाती लागलं बेरियम. बेरियमचे प्रोटॉन ५६. म्हणजे दुसऱ्या तुकड्याकडे राहिले ३६, आणि ३६ प्रोटॉनवाला क्रिप्टॉन. वाटणी सरळसरळ असमान होती.

त्या वेळी या असमानतेकडे बघायला कुणाला सवड नव्हती. केंद्रक फुटतं, हीच बातमी एवढी मोठी होती की ते कसं फुटतं हा प्रश्न मागे पडला. पुढे तो प्रश्न चांगलाच चिवट निघाला. आज पंचाऐंशीहून अधिक वर्षं झाली, तरी त्याच्यावर नवे प्रयोग होत आहेत आणि उत्तरात दुरुस्त्या होत आहेत.

सुरुवातीचं चित्र थेंबाचं होतं. हानच्या निकालाचा अर्थ लावताना लिझ माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब अशी कल्पना केली, आणि नील्स बोर व जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये तिला गणिताची बैठक दिली. थेंबात दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढाताण करतात. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो, आणि प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण त्याला ताणून फाडू पाहतं. केंद्रक जितकं जड, तितकी प्रतिकर्षणाची बाजू वरचढ. युरेनियममध्ये दोन्ही पारडी जवळजवळ सारखी असतात. युरेनियम-२३५ मध्ये (नावापुढचा आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती) एक न्यूट्रॉन शिरला की साधारण साडेसहा एमईव्ही ऊर्जा मिळते. एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केंद्रकांच्या जगातलं रोजच्या वापरातलं माप. फुटण्याच्या वाटेवरचा अडथळा या मापाने सहाच्या आसपास असतो. तेवढी ऊर्जा मिळाली की थेंब लांबट होतो, मध्ये मान तयार होते, ती बारीक होत जाते आणि तुटते. दोन तुकडे एकमेकांना ढकलत सुटतात. एका विखंडनातून एकूण सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा बाहेर पडते.

फुटतं का, याचं उत्तर थेंबाने झकास दिलं. कुठे फुटतं, याचं मात्र साफ चुकवलं. थेंबाच्या हिशेबाने युरेनियमने मधोमध तुटणं सगळ्यात स्वस्त. प्रत्यक्षात संथ न्यूट्रॉनांनी युरेनियम-२३५ फोडलं, तर ९५ आणि १४० च्या आसपासच्या वस्तुमानांचे तुकडे सगळ्यात जास्त मिळतात. तिथल्या एकेका वस्तुमानाचा वाटा सहा टक्क्यांच्या घरात जातो. आणि मधोमध, ११७-११८ पाशी? ०.०१ टक्का. आलेख काढला तर उंटाच्या पाठीसारख्या दोन मदारी आणि मध्ये खोल दरी दिसते.

ही दरी कागदापुरती नाही. अणुभट्टीच्या जळालेल्या इंधनात स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ ही त्रासदायक नावं पुन्हापुन्हा येतात, कारण पहिलं हलक्या मदारीवर बसलेलं आहे आणि दुसरं जड मदारीवर. वैद्यकीय तपासण्यांसाठी लागणारं टेक्नेशियम ज्यापासून बनतं ते मॉलिब्डेनम-९९ सुद्धा हलक्या मदारीवरचंच. त्या मानाने कथिल, कॅडमियम ही दरीतली मंडळी नगण्य. युरेनियम थेंबासारखं फुटत असतं, तर अणुकचऱ्याची यादी वेगळी झाली असती.

भरलेली कवचं

थेंबाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे आतली व्यवस्था. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात वाटेल तसे कोंबलेले नसतात. प्रत्येकाला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच जागा मिळते, आणि या पातळ्या घोळक्याघोळक्याने येतात. दोन घोळक्यांमध्ये मोठी फट असते. एक घोळका पूर्ण भरला की केंद्रक विशेष घट्ट बांधलं जातं, जसं रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉनांचं कवच भरलं की निष्क्रिय वायू कुणाच्या अध्यातमध्यात पडत नाही. केंद्रकांसाठी हे आकडे २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि न्यूट्रॉनांसाठी पुढे १२६. यांना जादुई संख्या म्हणतात. १९४९ मध्ये मारिया गेपर्ट मायर यांनी अमेरिकेत आणि हान्स येन्सन यांनी सहकाऱ्यांसह जर्मनीत, दोघांनी स्वतंत्रपणे त्यांचं कारण शोधलं. कण स्वतःभोवती कोणत्या दिशेने फिरतो आणि केंद्रकात कोणत्या दिशेने फिरतो, यांच्या मेळावर त्याची ऊर्जा बरीच अवलंबून असते. तो परिणाम हिशेबात धरला की सगळे आकडे जागच्या जागी बसतात. या कामासाठी दोघांना १९६३ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता प्रमाणाचा विचार करा. युरेनियम-२३८ ची एकूण बंधनऊर्जा, म्हणजे त्याचे सगळे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा, सुमारे १८०० एमईव्ही आहे. त्यातला कवचांमुळे येणारा फरक जेमतेम काही एमईव्हींचा. एवढ्याशा चिल्लर रकमेने काय बिघडणार, असं वाटेल. पण अडथळाच मुळात सहा एमईव्हींचा आहे. १८०० च्या हिशेबात चार-पाच एमईव्ही म्हणजे काहीच नाही. सहाच्या हिशेबात ते सगळंच उलटंपालटं करू शकतात. कवचांचा विखंडनावर एवढा प्रभाव का, याचं मर्म या दोन आकड्यांत आहे.

हे नेमकं मोजण्याची रीत सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिलेन स्ट्रुटिन्स्की यांनी १९६७ च्या सुमारास दिली. थेंबाची ऊर्जा घ्यायची आणि तिच्यात कवचांची दुरुस्ती मिळवायची, आणि तीही केंद्रकाच्या प्रत्येक आकारासाठी वेगळी. कारण केंद्रक ताणलं की पातळ्या सरकतात, जुन्या फटी बुजतात, नव्या उघडतात. गोल आकारात जादुई असलेला आकडा लांबट आकारात साधा होऊ शकतो, आणि साधा आकडा जादुई. पुढचं सगळं याच मुद्द्यावर उभं आहे.

या रीतीने एक जुनं कोडं लगेच सुटलं. १९६२ मध्ये सोव्हिएत संघातल्या दुब्ना इथे पोलिकानोव्ह आणि सहकाऱ्यांना अमेरिसियम-२४२ चा एक अवतार सापडला होता, जो १४ मिलिसेकंदांत आपोआप फुटत होता. नेहमीच्या अमेरिसियमच्या तुलनेत ही घाई अनाकलनीय होती. स्ट्रुटिन्स्कींच्या हिशेबात दिसलं की फुटण्याच्या वाटेवर एक नव्हे, दोन टेकाडं आहेत आणि त्यांच्यामध्ये खळगा आहे. तो अवतार त्या खळग्यात, आधीच ताणलेल्या अवस्थेत बसलेला होता. त्याला एकच टेकाड ओलांडायचं बाकी होतं.

तुकडे जन्माआधीच बोलतात

थोरियमपासून कॅलिफोर्नियमपर्यंत वेगवेगळी केंद्रकं फोडून पाहिल्यावर एक विलक्षण नियमितपणा दिसला. जड तुकडा जवळपास १४० च्या आसपासच खिळून राहतो. आई जड झाली की वाढीव वजन बहुतेक सगळं हलक्या तुकड्याच्या पदरात पडतं. युरेनियममध्ये हलका तुकडा ९५ च्या आसपास, तर कॅलिफोर्नियम-२५२ मध्ये १०६ च्या आसपास. फुटणाऱ्या केंद्रकाला जणू जड तुकडा आधीच ठरवून दिलेला असतो आणि उरलंसुरलं दुसऱ्याला.

संशयित समोरच होता: कथिल-१३२. प्रोटॉन ५०, न्यूट्रॉन ८२, दोन्ही जादुई. मान तुटण्याआधीच एका टोकाला कथिलासारखा घट्ट गोळा आकार घेऊ लागतो आणि ऊर्जा वाचवतो, असं स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत स्थिरावलं.

याला सर्वांत जोरदार पाठिंबा फर्मियमने दिला. फर्मियम-२५६ आपोआप फुटतं, अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं संपायला लागणारा वेळ) सुमारे २.६ तास, तुकडे असमान. त्यात फक्त दोन न्यूट्रॉन वाढवा. फर्मियम-२५८ चं अर्धायुष्य ०.३७ मिलिसेकंद. म्हणजे आयुष्य अडीच कोटी पटींनी घटलं, आणि तुकडेही एकाएकी जवळजवळ समान झाले. कारण साध्या भागाकारात आहे. फर्मियमचे १०० प्रोटॉन निम्मे केले की ५० आणि ५०. फर्मियम-२५८ चे १५८ न्यूट्रॉन निम्मे केले की ७९ आणि ७९, ८२ पासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही टोकांना एकाच वेळी कथिल बनण्याची संधी आहे, आणि केंद्रक ती सोडत नाही. हे तुकडे सुटतातही जास्त वेगाने. दोन आटोपशीर गोळे तुटताना एकमेकांच्या फार जवळ असतात, आणि जितके जवळ तितकं विद्युत प्रतिकर्षण जबर.

इथवर गोष्ट सुबक आहे, आणि मला विचाराल तर जरा जास्तच सुबक. युरेनियमच्या जड तुकड्यात सरासरी प्रोटॉन कथिलाइतके ५० नसतात, ५४ च्या आसपास असतात. जर्मनीत डार्मस्टाट इथल्या जीएसआय प्रयोगशाळेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी हे ठसठशीत केलं. वेगवेगळ्या ॲक्टिनाइड, म्हणजे थोरियम-युरेनियमच्या कुळातल्या, केंद्रकांमध्ये जड तुकड्याचं वस्तुमान थोडं इकडेतिकडे सरकतं, पण प्रोटॉनांची संख्या ५४ ला धरून राहते. आणि ५४ तर जादुई संख्यांच्या यादीत नाही.

उत्तर आकारात होतं. कथिल-१३२ गोलपणाबाबत हट्टी आहे. कडक गोटी ओढून लांबवता येत नाही, ओल्या मातीचा गोळा येतो. आणि मानेला जोडलेल्या तुकड्याला तर मानेच्या बाजूने थोडं निमुळतं व्हावंच लागतं. एका टोकाला फुगीर, दुसऱ्याला निमुळता, म्हणजे नासपतीचा आकार. जी केंद्रकं हा आकार कमी खर्चात घेऊ शकतात, त्यांना मान तुटण्याच्या क्षणी फायदा. २०१८ मध्ये गियोम स्कँप्स आणि सेद्रिक सिमनेल यांनी संगणकावर ही प्रक्रिया क्षणाक्षणाने चालवून दाखवलं की ५२ ते ५६ प्रोटॉनांच्या दरम्यान नासपती आकारासाठी फटी उघडतात. ५४ त्याच्या बरोबर मध्ये. त्याआधी दोनच वर्षं अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत बेरियम-१४४ हे केंद्रक खरोखरच नासपतीकडे झुकतं याचा थेट पुरावा मिळाला होता. ५६ प्रोटॉनवालं बेरियम, हान-स्ट्रासमानच्या परीक्षानळीतलं.

पाऱ्याने केलेली पंचाईत

कवचांच्या कल्पनेची खरी कसोटी लागायची, तर निसर्गात न आढळणारी, प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं प्रमाण भलतंच असलेली अनवट केंद्रकं फोडायला हवीत. पारा-१८० हा त्यासाठी आदर्श उमेदवार होता. स्थिर पाऱ्यात ११६ ते १२४ न्यूट्रॉन असतात. यात फक्त १००. प्रोटॉन ८०. निम्मे करा: ४० प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन. हे झिर्कोनियम-९०, न्यूट्रॉनांच्या बाजूने जादुई आणि चांगलंच भक्कम. थेंबही म्हणत होता मधोमध, जादुई संख्याही म्हणत होत्या मधोमध. इतका एकमताचा अंदाज क्वचित मिळतो.

प्रयोग झाला जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतल्या आयसोल्ड सुविधेत. पारा-१८० ला थेट फोडणं अवघड, म्हणून शास्त्रज्ञांनी आडवाट धरली. आधी थॅलियम-१८० बनवायचं, लेझरने त्याचेच अणू निवडायचे आणि अतिशय पातळ कार्बनच्या पापुद्र्यात रुतवायचे. त्याचं अर्धायुष्य एका सेकंदाहून थोडंच जास्त. तेवढ्यात ते एक प्रोटॉन न्यूट्रॉनमध्ये बदलून पारा-१८० होतं, आणि हा पारा कधीकधी इतक्या उत्तेजित अवस्थेत जन्मतो की लगेच फुटतो. कधीकधी म्हणजे लाखात साधारण तीनदा. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे शोधक होते, म्हणजे विरुद्ध दिशांना उडणारे दोन्ही तुकडे एकाच वेळी पकडता येतात. दोघांची ऊर्जा मोजली की वस्तुमानांचं गुणोत्तर हाती येतं, कारण संवेग सारखा असल्याने हलका तुकडा जास्त ऊर्जा घेऊन जातो.

२०१० मध्ये निकाल जाहीर झाला. तुकडे १०० आणि ८० च्या आसपास. रुथेनियम आणि क्रिप्टॉन. मधोमध झिर्कोनियमच्या जागी जवळपास शुकशुकाट.

हा धक्का बसायचं कारण असं की इथे आधार घ्यायला कुठलीच जादुई संख्या नव्हती. रुथेनियम-१०० किंवा क्रिप्टॉन-८० यांच्यात गोल आकाराच्या हिशेबाने खास काही नाही. काही सिद्धांतकारांनी म्हटलं की तुकड्यांकडे बघूच नका. फुटणाऱ्या पाऱ्याच्या स्वतःच्या पातळ्याच, तो अडथळ्याच्या माथ्यावर असताना, त्याला असमान वाटेवर ढकलतात. इतरांनी तुकड्यांचीच बाजू घेतली, पण गोल नव्हे तर ताणलेल्या तुकड्यांची. एका केंद्रकावरून हा वाद मिटणारा नव्हता. शिशाच्या अलीकडचा, म्हणजे त्याहून हलक्या केंद्रकांचा, सगळा प्रदेश पालथा घालायला हवा होता.

ते काम पुन्हा जीएसआयमध्ये झालं, आणि त्याची पद्धत मला विशेष आवडते. एरवी स्थिर लक्ष्यावर कण मारून ते फोडतात. इथे फुटणारं केंद्रकच प्रचंड वेगाने पळत असतं. युरेनियम-२३८ ची केंद्रकं प्रकाशाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने हलक्या लक्ष्यावर आदळवायची. त्यातून शेकडो प्रकारचे अनवट अवशेष त्याच वेगाने पुढे निघतात. चुंबकांच्या रांगेतून हवा तो अवशेष एकेक ओळखून निवडायचा आणि त्याला शिशासारख्या जड केंद्रकाच्या अगदी जवळून जाऊ द्यायचं. न आदळताच, शिशाच्या विद्युत क्षेत्राच्या झटक्याने तो हलतो आणि फुटतो. दोन्ही तुकडे पुढेच उडतात, म्हणून निसटत नाहीत. वायूतून जाताना तुकडा जेवढी ऊर्जा गमावतो ती त्याच्या प्रोटॉनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ३६ आणि ३७ यांत गल्लत होत नाही. सेकंदाच्या काही अंशातच नष्ट होणारी केंद्रकंही यात चालतात, कारण निर्मितीपासून मोजणीपर्यंतचा सगळा प्रवास सेकंदाच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी वेळात आटोपतो.

या मोहिमेचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर अनवट केंद्रकांचं विखंडन, त्यातली ७५ पहिल्यांदाच मोजलेली. पारा-१८० हा एकुटवाणा अपवाद नव्हता, असमान विखंडनाचं ते एक अख्खं बेटच निघालं. आणि त्या बेटावर सूत्रं हलक्या तुकड्याच्या हाती होती: त्यात ३६ प्रोटॉन असावेत अशी स्पष्ट ओढ दिसली. गोल क्रिप्टॉनला या आकड्याचं काही कौतुक नाही. ताणलेल्या क्रिप्टॉनला आहे, कारण त्या आकारात ३६ पाशी फट उघडते. ॲक्टिनाइडांमध्ये जड तुकडा ५४ वर अडून बसतो, शिशाअलीकडे हलका तुकडा ३६ वर. दोन्हीकडे निर्णय तुकड्यांच्या कवचांचा, पण गोल आकारातल्या कवचांचा नव्हे.

याला एक मर्यादा आहे, ती चटकन सांगतो. हे सगळं केंद्रक थंड असेपर्यंतच. त्याला भरपूर ऊर्जा दिली की कण वरच्या पातळ्यांवर उधळतात, फटींना अर्थ उरत नाही आणि थेंब पुन्हा राज्य करू लागतो. युरेनियम-२३५ संथ न्यूट्रॉनऐवजी १४ एमईव्हीच्या न्यूट्रॉनांनी फोडलं, तर मधली दरी साधारण शंभरपट भरून येते.

या मोजणीचा उपयोग कुठे, तर आकाशात. सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्यं न्यूट्रॉनांच्या पुरात बनतात, आणि असा पूर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत येतो. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी एक टक्कर गुरुत्वीय लहरींतून आणि दुर्बिणींतून दोन्हीकडून टिपली गेली. केंद्रकं न्यूट्रॉन गिळत फुगत जातात आणि शेवटी फुटतात. तुकडे पुन्हा न्यूट्रॉन गिळू लागतात. म्हणून फुटण्याची जागा कुठे, यावर विश्वात कोणतं मूलद्रव्य किती, हे काही अंशी ठरतं. २०२३ मध्ये ४२ जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या अभ्यासातून दिसलं की रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम आणि चांदी यांचं प्रमाण युरोपियमसारख्या जड मूलद्रव्यांबरोबर वाढतं. २६० हून जास्त वस्तुमानाची केंद्रकं फुटल्याची ही खूण, असा त्याचा अर्थ लावला गेला. इतकी न्यूट्रॉनबहुल केंद्रकं प्रयोगशाळेत बनत नाहीत. त्यांच्यासाठी गणितावरच विसंबावं लागतं, आणि ते गणित पारा-१८० सारख्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रकांवर घासूनपुसून घ्यावं लागतं.

आवर्तसारणीच्या शेवटाला तर थेंब पूर्णच हात टेकतो. साधारण १०४ प्रोटॉनांच्या पुढे थेंबाच्या हिशेबात अडथळा उरतच नाही; ती केंद्रकं जन्मताच फुटायला हवीत. ती थोडा वेळ तरी टिकतात ती निव्वळ कवचांच्या जोरावर. त्यातलं सगळ्यात जड ओगानेसॉन-२९४: प्रोटॉन ११८, न्यूट्रॉन १७६. यातून शिसं-२०८ वजा करून पाहा. शिशाचे ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही जादुई. उरतात ३६ प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉन, म्हणजे क्रिप्टॉन-८६. काही सैद्धांतिक गणितांनुसार ओगानेसॉन फुटलंच तर याच वाटेने, शिसं आणि क्रिप्टॉन असं कमालीचं असमान फुटेल. इथे ३६ पुन्हा आला याने मात्र हुरळून जाऊ नये. या वेळी बळ शिशाच्या दुहेरी जादूचं आणि क्रिप्टॉनच्या ५० न्यूट्रॉनांचं आहे. ३६ हा फक्त वजाबाकीतून उरलेला आकडा. प्रयोगातून याची शहानिशा व्हायची आहे. आतापर्यंत ओगानेसॉनचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच अणू दिसले आहेत, आणि त्यांनी विखंडनाऐवजी अल्फा कण सोडून ऱ्हास पावणं पसंत केलं आहे.